पानिपतची ती गोळी पटण्याजोगी आहे

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच जगात जाऊन पोचतात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून निसटून गेली आहे. तेवढ्या फरकाने मराठे लढाई जिंकतात, अब्दाली काबूलची वाट धरतो, ईस्ट इंडिया कंपनीचे हातपाय पसरणे थांबते आणि विसाव्या शतकात इंग्रज फक्त मुंबईत, तेही मुदतीच्या पट्ट्यावर उरलेले दिसतात. आक्षेपक म्हणतात, समांतर विश्व, पुंजयामिकी, हे सगळे आम्ही कथेपुरते मान्य करू, पण लष्करी बाजू मान्य होत नाही. दोन-अडीच महिने कोंडलेली, उपाशी फौज एका तरुणाचा जीव वाचला म्हणून जिंकते कशी? आणि जिंकली तरी पानिपतावरच्या एका विजयाने शेकडो कोसांवरच्या कलकत्त्यातले इंग्रज गप्प कसे बसतात? वरवर पाहता हा आक्षेप अभ्यासू वाटतो. पण तो चुकीच्या मोजपट्टीवर उभा आहे, आणि त्या दिवसाचा पुरावाही त्याच्या बाजूने नाही. ही कथा लष्करीदृष्ट्या पटते. एका ठिकाणी ती कच्ची आहे, पण ते ठिकाण आक्षेपकांनी दाखवलेले नाही.

आधी मोजपट्टीचे पाहू. विज्ञानकथेतल्या युद्धाबद्दल बोलताना ‘कोणताही खरा सेनापती असे करणार नाही’ हे वाक्य सर्रास वापरले जाते. ‘स्टार ट्रेक’ या १९६६ साली सुरू झालेल्या मालिकेत जहाजाचा कप्तान, त्याच्या खालोखालचा अधिकारी आणि डॉक्टर हे तिघेही अनोळखी ग्रहावर एकदम उतरतात, यावर आजवर भरपूर टीका झाली आहे. पुढच्या मालिकेत तर कप्तानाने स्वतः धोक्यात उतरू नये म्हणून त्याचा दुय्यम अधिकारी त्याच्याशी वाद घालताना दाखवावा लागला. टीका शहाणपणाच्या कसोटीवर बरोबरच आहे. पण निर्णय शहाणा असणे आणि निर्णय पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानिपतावर पेशव्यांचा वारस विश्वासराव आणि प्रत्यक्ष सूत्रे हलवणारा सेनापती भाऊसाहेब, असे दोघेही एकाच हुजुरातीत, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेत, एकाच आघाडीवर, शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात होते. म्हणजे ‘खरा सेनापती असे करणार नाही’ असे ज्याबद्दल म्हणतात, ते खऱ्या सेनापतीने केलेले आहे. म्हणून कसोटी वेगळी हवी. त्या माणसाला त्या घटकेला काय ठाऊक होते, त्याच्या हाती काय उरले होते, आणि त्याच्या फौजेची घडण त्याला काय करू देत होती, हे विचारायला हवे. या प्रश्नांना उत्तर देणारा निर्णय चुकीचा असला तरी पटतो. आणि ज्याला ही उत्तरे नाहीत, तो कितीही चतुर असला तरी खोटा वाटतो.

आता त्या दिवसाकडे येऊ. कथेचा दावा आक्षेपक समजतात त्यापेक्षा बराच मर्यादित आहे. विश्वासराव वाचले असते तर मराठ्यांची उपासमार झाली नसती, असे नारळीकर कुठेही म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात, की विश्वासराव पडले त्या घटकेपर्यंत लढाईचा निकाल लागलेला नव्हता आणि ती घटना वळणाची ठरली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत लिहून ठेवला आहे, आणि तो अब्दालीच्या बाजूच्या गोटातून लिहिलेला असल्यामुळे मराठ्यांची भलामण करण्याचे त्याला काही कारण नव्हते. सकाळी मराठ्यांच्या बाजूच्या इब्राहिमखानाच्या कवायती गारद्यांनी डाव्या बाजूने चढाई केली आणि समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. मध्यावर भाऊसाहेबांच्या हुजुरातीने वजीर शहावलीखानाची फळी फोडली. दुपारी परिस्थिती अशी होती, की अब्दालीचा वजीर घोड्यावरून उतरून, धुळीत उभा राहून, पळणाऱ्या स्वारांना परत फिरण्याची विनवणी करत होता आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते. ज्या फौजेचा पराभव उपासमारीने आधीच पक्का केला होता असे सांगितले जाते, ती फौज दुपारपर्यंत शत्रूच्या मध्यभागात घुसलेली होती. मग पुढच्या घटकाभरात काय झाले हा प्रश्न गैरलागू कसा ठरेल?

त्या घटकेत दोन निर्णय झाले आणि दोन्ही तपशिलात पाहण्यासारखे आहेत. अब्दाली स्वतः गर्दीत नव्हता. तो मागे, जिथून रण दिसेल अशा जागी थांबला होता आणि त्याने ताज्या दमाची राखीव फौज हातची सोडलेली नव्हती. वजिराची अवस्था कळताच त्याने आपले शिस्तीचे शिपाई छावणीत पाठवले. जे पळून डेऱ्यात दडले होते त्यांना बाहेर काढून रणात हाकलण्याचा आणि जो पाठ दाखवील त्याला कापून काढण्याचा त्यांना हुकूम होता. त्याबरोबर दहा हजारांच्या आसपास स्वार वजिराच्या कुमकेला गेले. उंटांवरच्या जंबुरक्यांचा, म्हणजे हलक्या तोफांचा, मारा सुरू झाला. दुसऱ्या बाजूला, विश्वासरावांना गोळी लागली आणि ते कोसळल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि लढाईच्या गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसली. सेनापती जिवंत आहे की नाही हे मागच्या फळीला कळण्याचे दुसरे साधन नव्हते. निशाण, हत्ती आणि त्यावरचा माणूस हीच त्या फौजेची संदेशयंत्रणा होती. ती एका क्षणात बंद पडली आणि काही वेळात तोवर लढणारी फौज पळत सुटली. मल्हारराव होळकर आपल्या पथकासह निघून गेले. ज्यांना निघता आले नाही ते मारले गेले किंवा पकडले गेले.

म्हणून मी म्हणतो, की ती गोळी हा निव्वळ दैवयोग नव्हता. गोळी कोणालाही लागू शकते. शहावलीखानालाही लागू शकली असती. पण शहावलीखान पडला असता तर अब्दालीची फौज फुटली असतीच असे नाही, कारण त्या फौजेचा मेंदू रणाच्या मागे, राखीव स्वारांच्या जवळ, सुरक्षित होता. मराठ्यांच्या फौजेचा मेंदू आणि हृदय दोन्ही आघाडीवर होती आणि मागे राखीव असे काही उरले नव्हते. गोळीला निर्णायक ताकद दिली ती या रचनेने, आणि रचना हा मनुष्याचा निर्णय असतो. वारसाला मोहिमेवर पाठवणे, त्याच्या नावाने मोहीम चालवणे, सरदारांचे पथक ज्याच्या त्याच्या हुकमतीत ठेवणे, हे निर्णय पुण्यात आणि वाटेत आधीच झाले होते. गोळी आणि व्यवस्था यांना आक्षेपक एकमेकांविरुद्ध उभे करतात. नारळीकरांची कथा पटते ती याच कारणाने, की तिच्यातली गोळी या व्यवस्थेच्या सर्वांत नाजूक जागी लागते.

उपासमारीचा मुद्दा मी टाळत नाही, कारण तो खरा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये आला. दोन्ही फौजांनी एकमेकांची वाट अडवली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा संपली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे यांची प्रचंड संख्या होती आणि त्यांच्या तोंडी घास घालण्याची जबाबदारीही त्याच सेनापतीवर होती. एवढे खरे मानले तर त्यातून काय निष्पन्न होते? चौदा जानेवारीलाच लढाई का झाली, याचे उत्तर मिळते. मराठ्यांना गोलाच्या रचनेत बिनलढाऊ माणसांना मधोमध घेऊन का चालावे लागले, याचे उत्तर मिळते. राखीव फौज का नव्हती, याचेही मिळते. पण दुपारपर्यंत जिंकत आलेली फौज त्याच क्षणी का कोसळली, याचे उत्तर उपासमारीत नाही. भूक त्या दिवशी सकाळीही होती. भुकेने फौज नाजूक झाली, इतकी की एक धक्का पुरेसा ठरावा, हे मान्य. पण धक्का बसला नसता तर ती उभी राहू शकत होती, हे सकाळच्या लढाईनेच दाखवून दिले होते. दूरचित्रवाणीवरची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही २००४ ते २००९ दरम्यानची मालिका लष्करीदृष्ट्या पटते असे जे मानले जाते, ते याच जातीच्या गणितामुळे. एक युद्धनौका आणि तिच्या आसऱ्याला पन्नास हजारांच्या आतबाहेर सामान्य माणसे. शत्रू दर तेहतीस मिनिटांनी येतो, कोणाला झोप नाही, आणि सेनापतीचा प्रत्येक निर्णय त्या माणसांच्या ओझ्याने वाकतो. परक्या मालिकेतल्या या पेचाला जो वाचक वास्तव म्हणतो, त्याने भाऊसाहेबांच्या छावणीतला तोच पेच समजून घेऊन मग गोळीचा विचार करायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. इतिहास मोठ्या शक्तींनी घडतो, एखाद्या माणसाच्या जगण्यामरण्याने नाही, असा तो आहे. विज्ञानकथेत या मताचा सर्वांत मोठा पुरस्कार आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेत आहे. तिथे कोट्यवधी माणसांच्या वर्तनाचे गणित मांडता येते आणि एकेका सेनापतीची हुशारी त्या गणितापुढे टिकत नाही. बेल रीओस हा कर्तबगार सेनापती जिंकत असतानाच सम्राटाच्या संशयामुळे परत बोलावला जातो, कारण बलवान सम्राट बलवान सेनापतीला सहन करू शकत नाही. हा प्रसंग पटतो, आणि पुण्याच्या दरबारातली घरची भाऊबंदकी ज्याने वाचली आहे त्याला तर फारच पटतो. पण त्याच मालिकेत असिमॉव्ह यांना ‘म्यूल’ हे पात्र आणावे लागले. एक अपवादात्मक व्यक्ती येते आणि सगळे गणित कोसळते. म्हणजे नियतिवादाच्या सर्वांत मोठ्या कथाकारालाही व्यक्तीसाठी दार उघडावे लागले. नारळीकरांनी ते दार शास्त्राच्या भाषेत उघडले. कथेतला राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचा आधार देतो. रने थॉम या फ्रेंच गणितज्ञाने मांडलेल्या त्या सिद्धान्ताचा गाभा असा, की कारणे हळूहळू, सलगपणे बदलत असली तरी परिणाम काही ठिकाणी एकाएकी उडी घेतो. तापत जाणारे पाणी एका अंशावर उकळते, तसे. फौजेच्या मनोबलाला हे लागू करणे ही ओढाताण नव्हे. फौजा थोड्याथोड्या करून हरत नाहीत. त्या बराच वेळ टिकतात आणि मग एकदम फुटतात. मोठ्या शक्ती फौजेला त्या काठापर्यंत आणतात, हे खरे. काठावरून ती कुठल्या बाजूला पडेल, हे मात्र त्या शक्ती ठरवत नाहीत.

तिसरा आक्षेप लढाईनंतरच्या काळाचा. उपाशी फौज जिंकली असती तरी अब्दालीचा पाठलाग कसा करणार होती? उत्तर असे, की पाठलागाची गरजच नव्हती. प्रत्यक्ष इतिहासात अब्दाली जिंकला, तरी त्याला हिंदुस्थानात राहता आले नाही. थकलेल्या पगारासाठी त्याची माणसे कुरकुरत होती, उन्हाळा तोंडावर होता, आणि मार्च १७६१ मध्ये त्याने दिल्ली सोडली. जिंकूनही जो परतला, तो हरून परतेल यात नवल काय? आणि कंपनीचे काय? इथे आक्षेपक फक्त तोफा मोजतात आणि शिक्का विसरतात. बंगालवर कंपनीची पकड प्लासीपासून होतीच, पण तिला कायद्याचे रूप दिले ते ऑगस्ट १७६५ मध्ये शाहआलम बादशहाने दिलेल्या दिवाणीने. तो बादशहा तेव्हा दिल्लीत नव्हता, आश्रयाच्या शोधात पूर्वेकडे भटकत होता आणि बक्सारच्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती आला होता. हाच शाहआलम ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्लीत बादशहा म्हणून जाहीर केला होता. पानिपत जिंकले असते तर तो अलाहाबादेत इंग्रजांसमोर बसण्याऐवजी दिल्लीत पेशव्यांच्या फौजेच्या आधाराने बसला असता. शुजाउद्दौला हरलेल्या पक्षात असता. बंगालच्या चौथाईवर नागपूरकर भोसल्यांचा करार १७५१ पासून होताच. कंपनीच्या बंदुका तेवढ्याच राहिल्या असत्या, पण सनद देणारा हात तिच्या बाजूला नसता. नारळीकरांच्या कथेत पेशवे दिल्लीची नामधारी बादशाही मुद्दाम जिवंत ठेवतात. अनेकांना हा सजावटीचा तपशील वाटतो. माझ्या मते कथेतला तो सर्वांत नेमका राजकीय निर्णय आहे.

यावर आणखी एक प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे. पानिपत हरूनही मराठे १७७१ मध्ये पुन्हा दिल्लीत पोचले, महादजी शिंद्यांनी शाहआलमला तख्तावर बसवले. मग पराभवाने फार बिघडले नसेल तर विजयाने फार साधले असते असे कसे म्हणता येईल? कारण मधली दहा वर्षे गेली आणि माणसे गेली. जून १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे गेले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले आणि त्यांची उमेद घरातच खर्च झाली. १७६२ मध्ये आळेगावला चुलते राघोबादादा यांच्याशी तडजोड, १७६३ मध्ये निजामाने पुणे जाळले आणि त्याला राक्षसभुवनावर गाठावे लागले, १७६८ मध्ये धोडपला पुन्हा राघोबादादांशीच लढाई. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला माधवराव क्षयाने गेले, तेव्हा ते अठ्ठाविशीतही पोचले नव्हते. त्याच दहा वर्षांत कंपनीला बक्सार आणि दिवाणी मिळाली. १७७१ मध्ये दिल्लीत पोचलेल्या मराठ्यांच्या समोर १७६१ मधली कंपनी नव्हती. बंगालच्या महसुलावर फौज पोसणारी कंपनी होती. कथेत विश्वासराव आणि माधवराव हे दोघे भाऊ मिळून कारभार करतात आणि दादासाहेब, म्हणजे राघोबादादा, राजकारणातून बाजूला पडतात. हे स्वप्नरंजन वाटू शकते. पण विजयी सेनापती आणि हयात वारस असताना चुलत्याच्या दाव्याला पुण्यात किती किंमत उरली असती, याचा शांतपणे विचार केला तर ते सरळ अनुमान ठरते.

आता मुंबईकडे या, कारण कथेच्या लष्करी समजेचा सर्वांत चांगला पुरावा मुंबईतच आहे. नारळीकर इंग्रजांना समुद्रात बुडवत नाहीत. कंपनी आधी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन ठिकाणी शिल्लक राहते, पोर्तुगीज-फ्रेंचांसारखी. केवळ देशाभिमानाने लिहिणाऱ्या लेखकाने इंग्रजांना हाकलूनच दिले असते. पण पानिपताच्या पाच वर्षे आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा बीमोड केला आणि त्या धामधुमीत मराठ्यांचे आरमार जळून खाक झाले. समुद्रावरची ताकद आपल्याच निर्णयाने गेली होती. जमिनीवर पानिपत जिंकूनही बंदरातली वखार उठवता आली नसती, कारण बंदराला रसद समुद्रातून येते. म्हणून तीन बंदरे इंग्रजांकडे राहतात. कथा हा निष्कर्ष बोलून दाखवत नाही, पण तिचा नकाशा तो पाळतो.

वडाळ्यात उभे राहून पाहिले तर हा नकाशा आणखी स्पष्ट होतो. उत्तरेला शीवचा किल्ला, दक्षिणेला शिवडीचा किल्ला, वायव्येला धारावीत मिठीकाठचा काळा किल्ला. तिन्ही इंग्रजांचे. काळ्या किल्ल्यावरच्या शिलालेखात १७३७ हे साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आहे, आणि १७३७ हेच साल मराठ्यांनी साष्टी घेतल्याचे आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहराभोवती खंदक खणण्यासाठी वर्गणी काढली. तेव्हापासून पस्तीस वर्षे वडाळा, माटुंगा, शीव हा मराठी राज्याला लागून असलेला इंग्रजी हद्दीचा शेवटचा पट्टा होता. खाडीपलीकडे पेशव्यांचा अंमल होता. या पस्तीस वर्षांत इंग्रजांनी खाडी ओलांडून साष्टी घेतली नाही. ती त्यांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस घेतली, पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर पुण्याचे घर फुटले आणि राघोबादादा इंग्रजांच्या दाराशी गेले तेव्हा. मग १७७५ चा सुरतेचा तह आणि १७८२ चा सालबाईचा तह, ज्यात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. एकसंध पुण्यापुढे मुंबईची कंपनी जागच्या जागी थांबते, ही कथेतली गोष्ट इथे खाडीच्या काठावर प्रत्यक्ष घडलेली आहे.

आणि कथेचा खरा दोष मला याच जागी दिसतो. गंगाधरपंतांची जिजामाता एक्स्प्रेस कल्याण मागे टाकते, लांब बोगद्यापलीकडे सरहद्द नावाच्या लहानशा स्टेशनावर थांबते, गणवेशातला अधिकारी परवाने तपासतो, आणि तिथे इंग्रजी अंमल सुरू होतो. म्हणजे ठाणे आणि सगळी साष्टी इंग्रजांकडे. पण कथेतल्या जगात दादासाहेब राजकारणातून निवृत्त झालेले आहेत. मग सुरतेचा तह कोणी केला? साष्टी कोणत्या भांडणात गेली? कथेने स्वतः घातलेल्या घटनाक्रमानुसार हद्द ठाण्याच्या खाडीवर येत नाही, ती माहीमच्या खाडीवरच राहते. परवाने शीवला तपासले गेले पाहिजेत. मधल्या दीडशे वर्षांत एखाद्या कराराने हद्द सरकली असे म्हणता येईल, पण विजयी पेशव्यांनी वसईच्या मोहिमेत इतके रक्त सांडून मिळवलेली साष्टी आपणहून का द्यावी, याचे कारण कथेतून मिळत नाही. लष्करी विश्वासार्हतेचा आक्षेप घ्यायचा तर इतक्या बारकाईने घ्यावा. गोळीवर बोट ठेवणे सोपे आहे, हद्दीची रेषा तपासायला नकाशा उघडावा लागतो.

शेवटचा आक्षेप कंपनीच्या बळाबद्दलचा आहे. इंग्रजांची कवायती फौज, त्यांची शिस्त, यापुढे मराठे आज ना उद्या हरलेच असते, असे गृहीत धरले जाते. जानेवारी १७७९ मध्ये जे घडले ते या गृहीतकाविरुद्ध बोलते. राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून चार हजारांच्या जवळपास शिपाई निघाले आणि त्यांच्याबरोबर ओझ्याचे हजारो बैल. सेनापती एक नव्हता, निर्णय समितीने घ्यायचे. घाट चढून पुण्याकडे सरकायला त्यांना दिवसच्या दिवस लागले. मराठ्यांनी समोर ठाकून निर्णायक लढाई दिली नाही, गावे मोकळी केली, चारा जाळला, बाजूंनी हल्ले केले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, ज्याला मराठ्यांनी त्याच्या शौर्यामुळे इष्टुर फाकडा असे नाव दिले आणि ज्याची आठवण वडगावने जपली आहे. तळेगावला पोचल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांचा धीर सुटला, जड तोफा तळ्यात टाकून रातोरात माघार सुरू झाली आणि वडगावला महादजींनी त्यांना वेढून करार लिहून घेतला. बिनलढाऊ लवाजमा, तुटलेली रसद, विस्कळीत हुकमत ही पानिपतची सगळी दुखणी इथे इंग्रजांना जडली होती आणि परिणामही तसाच झाला. म्हणजे हार-जीत वंशात किंवा काळाच्या ओघात लिहिलेली नव्हती. पुणे एकदिलाने वागले तेव्हा कंपनी हरवता येत होती, आणि त्या एकदिलाच्या शक्यतेवरच गंगाधरपंतांचे जग उभे आहे.

हे सगळे एवढ्या आग्रहाने मांडायचे कारण एका कथेपुरते नाही. इंग्रजीत ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरातल्या मुलांपर्यंत पोचली आहे. या मुलांना आपण ‘एका गोळीने इतिहास बदलला’ एवढेच शिकवले तर ती दैववादाकडे वळतील, आणि ‘गोळीने काही बदलत नाही, सगळे आधीच ठरलेले असते’ असे शिकवले तरी ती दैववादाकडेच वळतील. दोन्ही शिकवणींत माणसाच्या निर्णयाला जागा नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्यानंतर मराठीत पर्यायी इतिहासाची विज्ञानकथा लिहिणाऱ्यांकडून वाचकाने एक मागणी धरून ठेवावी. शस्त्र भविष्यातले असो की भूतकाळातले, फौजेला चारा कुठून येतो, पगार कोण देतो, सेनापती कुठे उभा आहे, तो पडला तर हुकूम कोण सोडणार आणि राखीव फौज कोणाच्या हाती आहे, हे लेखकाला माहीत असले पाहिजे. मग त्याने एका गोळीवर अख्खे शतक फिरवले तरी चालेल. आणि टीकाकारांनीही सेनापती शहाणा होता का एवढे विचारून थांबू नये. त्याच्या जागी, त्याच्या माहितीवर, त्याच्या फौजेसह दुसरे काय करता आले असते, हे मांडून दाखवावे. हे मांडता येत नसेल तर ‘पटत नाही’ हा शेरा त्यांनी मागे घ्यावा.